किटलीचं बूड

मी आयुष्यभर फुटकी भांडी जोडली. पुण्यातल्या एका संग्रहालयाच्या मागच्या खोलीत तीस वर्षं माझं टेबल होतं आणि त्यावर कायम कुठल्या तरी भांड्याचा कान, तोटी नाहीतर बूड पडलेलं असायचं. निवृत्त झाल्यावर मी भोरला माहेरच्या गावी येऊन राहिले. वाटलं होतं, आता भांड्यांपासून सुटका. पण आपल्याला काहीतरी येतं हे लोकांना कळलं की सुटका नसते, आणि खरं सांगायचं तर मला ती नकोच होती.

आमच्या भोर-वेल्ह्यात कुणाच्या माळ्यावर जुनं काही सापडलं की ते गडावरनंच आलेलं असतं. निदान घरातल्यांची तशी खात्री असते. लोणच्याच्या कितीतरी बरण्या मी अशा गडावरून उतरवून परत ज्याच्या त्याच्या फडताळात नेऊन ठेवल्या. एकाने तर दवाखान्यातलं एनॅमलचं भांडं आणलं होतं, आणि ते कशासाठी असतं हे मी सांगितल्यावर तो माझ्यावरच रागावला. मी फटकळ आहे. भांडं हातात घेतलं की मला जे दिसतं ते मी बोलते, आणि बहुतेक वेळा बरोबर बोलते. हे ‘बहुतेक वेळा’ मी हल्ली घालायला लागले. त्याला कारण एक किटली.

ती घेऊन एक म्हातारी आली, पौषातल्या एका सकाळी. मार्गासनीच्या आतल्या अंगाची वाडी, तिथून नसरापुरावरून गाड्या बदलत भोर. ऐंशीच्या पुढची, वाळकी, ताठ, नऊवारी नेसलेली. हातात खताच्या गोणीची शिवलेली पिशवी. तिच्या भाच्याची मुलगी भोरला कॉलेजात आहे, तिने माझं घर दाखवलं आणि ती तासाला निघून गेली. म्हातारी ओट्यावर बसली, पिशवीतून भाताचा पेंढा काढला, पेंढ्यातून लुगड्याचं धडपं, आणि धडप्यातून चहाची किटली. पुस्तकात तिला चहादाणी म्हणतात, पण आमच्याकडे सगळ्यांनाच किटली म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणते.

मी हात पुढे केला, पण तिने किटली मांडीवरच ठेवली. आधी मी सगळं ऐकून घ्यावं असं तिचं म्हणणं होतं. मला घाई होती, भांडं समोर असताना गोष्टी ऐकत बसायची मला सवय नाही. पण तिचा आवाज असा होता की मी पाट ओढून बसले.

तिचा बाप भाटघरला धरणावरच्या साहेबाच्या बंगल्यावर कामाला होता. साहेब गोरा. चहा करणं, ओतणं, कपबश्या धुणं हे बापाचं काम. महायुद्ध चालू होतं आणि त्या साहेबाला लढाईवर जायचा हुकूम आला. सामान बांधताना चहाची किटली सापडेना. सामान बांधायला माणसं पुष्कळ होती, पण किटलीला हात लावणारा हा एकटा. त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं. तेव्हा ही आईच्या पोटात होती.

एवढ्यावर ते मिटलंही असतं. पण पुढे काही वर्षांनी, ही चालतीबोलती झाल्यावर, बापाने भोरच्या बाजारातून ही किटली आणली. विकत घेतली असं त्याचं म्हणणं. गाव म्हणालं, इतकी वर्षं पुरून ठेवलेली, आता उकरून काढली. लढाई संपली, साहेब मेला का जगला कुणाला ठाऊक, आता भीती कुणाची. त्या दिवसापासून त्यांच्या घराला किटलीचं घर असंच नाव पडलं. ही शाळेत गेली नाही, पण गेलेल्या पोरांनी तिला ते नाव बरोबर ऐकवलं. बाप मरेपर्यंत एकच वाक्य बोलत राहिला, की ही ती नव्हे.

तिचं लग्न झालं, दोन वर्षांत नवरा गेला, आणि ती परत बापाच्या घरी येऊन राहिली ती कायमची. बाप जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. भाऊ गेला, भावजय गेली. आता घरात ती आणि भाचा. किटली तिने करडांना लावली. शेळीने टाकलेलं करडू असलं, की किटलीच्या तोटीला चिंधी बांधून ती त्याला दूध पाजते.

"बाई, मला किंमत नगं," ती म्हणाली. "ही लढाईच्या आधीची का नंतरची, एवढंच सांगा. आधीची आसंल तर बा चोर. नंतरची आसंल तर न्हाई."

असा चोख प्रश्न मला तीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. मोठमोठ्या विद्वानांनी नाही. मी मनातल्या मनात तिला नमस्कार केला आणि किटली उचलली.

वजन चांगलं होतं. गडद तपकिरी झिलई, काकवीच्या रंगाची. पोटावर पूर्वी काही फुलं असावीत, उठावाची, पण आता त्यांचे नुसते उंचवटे उरले होते, झिजून झिजून हाताला जेमतेम लागणारे. झाकणाची बोंडी गुळगुळीत. तोटीचं टोक एका बाजूने उडालेलं आणि ती कडाही झिजून गोल झालेली. आतून दुधाचा पिवळट थर. मग मी ती उलटी केली. बूड खरखरीत, बिनझिलईचं, काळपट करडं, जागोजाग बारीक खडे, आणि बोटभर जाड. नखाने टोकरलं तर दगडासारखं. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या भट्ट्यांतून असा माल बोटींवर भरभरून यायचा, रोजच्या वापराचा, ओबडधोबड बुडाचा. संग्रहालयात तसली दोन भांडी मी स्वतः जोडली होती. त्यात ही झीज. एवढी झीज दहावीस वर्षांत येत नाही.

मी पाच मिनिटंसुद्धा घेतली नाहीत. हे मला आज लिहिताना टोचतं. तोटी जिथे पोटाला मिळते तिथे आत मला एक बारीक सरळ रेघ दिसली होती. दिसली, आणि मी ती दुधाच्या थरावर ढकलून दिली.

पण उत्तर जड होतं. तिच्याकडे बघवेना म्हणून मी किटलीकडे बघत बोलले. म्हटलं, मावशी, ही चिनी आहे आणि शंभर-सव्वाशे वर्षांची तरी आहे. लढाईच्या पुष्कळ आधीची. मला आणखी काही बोलायचं होतं, की जुनी वस्तू बाजारातही विकत मिळते, तेवढ्यावरून कुणी चोर ठरत नाही. पण तिने मला बोलू दिलं नाही. तिने मोठा श्वास सोडला आणि म्हणाली, "बरं झालं."

मला ते विचित्र वाटलं. बाप चोर ठरला आणि लेक म्हणते बरं झालं. मी पाणी दिलं, ते तिने घटाघटा प्यायलं. आल्यापासून आवळून धरलेले तिचे खांदे खाली आले होते. पिशवी झटकली, पेंढा ओट्याखाली टाकला, आणि किटली माझ्याकडेच राहू दे म्हणाली. चोरीचा माल घरात नको. मी नको नको म्हणत असताना ती पायऱ्या उतरून एसटी स्टँडकडे चालूही लागली. कठीण काळजाची बाई, असं मला वाटलं, आणि तसं मी संध्याकाळी शेजारणीला बोलूनही दाखवलं.

किटली आठवडाभर खिडकीत पडून होती. माझी एक जुनी सवय आहे, भांडं हातचं सोडण्यापूर्वी त्याचं चित्र काढून ठेवायचं. बुडाचंही. आधी बाजूचं काढते, तेव्हा भांडं हलू नये म्हणून मी ते ओल्या स्पंजावर उभं टेकवते. त्या दिवशी चित्र अर्धं झालं आणि गॅसवाला आला, मग कुणीतरी बोलत बसलं, आणि किटली ओल्या स्पंजावर रात्रभर तशीच राहिली. सकाळी उचलली तर स्पंज काळा. आणि बुडाचा एक पापुद्रा स्पंजालाच चिकटून राहिलेला.

मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. भट्टीत भाजलेली माती पाण्याने विरघळत नाही. हजार वर्षं नदीत पडली तरी विरघळत नाही. हे मी शिकाऊ मुलांना पहिल्याच दिवशी सांगायची. मग हे काय सुटलं? मी तो पापुद्रा बोटात चुरला, नाकाशी नेला, आणि वास येताच मला सगळं कळलं. राखेचा वास. चुलीतल्या ओल्या राखेचा.

आमच्याकडे भांडं चुलीवर ठेवण्याआधी त्याच्या बुडाला बाहेरून राख आणि माती कालवून लेप देतात. चुलीची काजळी त्या लेपावर बसते, भांड्यावर नाही, आणि घासताना लेपाबरोबर निघून जाते. आई पहाटे चूल पेटवायची तेव्हा हे काम माझ्याकडे असायचं. सहा वर्षांची असल्यापासून गॅस येईपर्यंत मी किती टोपांच्या, किती पातेल्यांच्या बुडांना हात दिला असेल याची गणती नाही. माझ्या स्वतःच्या नखात जी राख वर्षानुवर्षं भरलेली होती, तिला मी दक्षिण चीनची माती म्हटलं होतं. छातीठोकपणे. एका म्हातारीच्या तोंडावर.

म्हातारी किटलीत करडांचं दूध कोमट करत असणार, चुलीच्या वैलावर, म्हणजे बाजूच्या मंद भोकावर. किटली तडकू नये म्हणून लेप जाड. बूड न घासता वरच्या वर नवा हात देत गेली आणि खालचे थर भाजून घट्ट होत गेले. आणि झिजलेली फुलं? राखेने आणि काथ्याने रोज घासलं तर तीसचाळीस वर्षांत फुलंच काय, नाकडोळेसुद्धा राहायचे नाहीत. आमच्या घरातल्या पितळी तांब्यावरची नक्षी मी स्वतः घासून घासून घालवली होती आणि त्यासाठी आईचं कौतुकही मिळवलं होतं. संग्रहालयाच्या काचेआडच्या झिजेचं माप मी वेल्ह्याच्या मोरीतल्या झिजेला लावलं. शिकलेल्या बाईने करावी अशीच चूक, आणि भोरच्या मुलीने तर मुळीच करू नये अशी.

परातीत कोमट पाणी घेऊन मी बूड त्यात टेकवलं. घाई केली नाही, या वेळी तरी. दुपारपर्यंत थर एकेक करत सुटले, शेवटचा लाकडी काडीने निघाला. खाली तांबूस मातीचं नीटस बूड, एकसारख्या गोल कडेचं, साच्यातून काढलेलं. त्यात ठशाने दाबलेली इंग्रजी अक्षरं होती आणि त्या खाचांमध्ये राख बसून राहिल्यामुळे ती पाटीवर खडूने लिहावीत तशी पांढरी वाचता येत होती. मेड इन ऑक्युपाइड जपान.

मी खुर्चीत बसले. महायुद्धात जपान हरला, अमेरिकेचं सैन्य तिथे येऊन बसलं, आणि त्या पाचसहा वर्षांत परदेशी पाठवायच्या जपानी मालावर हे शब्द घालायचे. व्यापलेल्या जपानात बनलेलं. त्याच्या आधी हे शब्द असणं शक्य नाही, कारण तोवर जपान कुणी व्यापलेलाच नव्हता. आता मी बाकीचं सगळं पुन्हा तपासलं. ती आतली सरळ रेघ साच्याची शिवण होती. तोटीच्या मुळाशी गाळणीची भोकं सगळी एका मापाची. आणि कानाच्या आतल्या बाजूला, जिथे काथ्या पोचत नाही, तिथे सोनेरी रंगाचा एक ठिपका अजून शाबूत. साहेब लढाई चालू असताना गेला. किटली लढाई संपल्यावर भट्टीतून बाहेर पडली. ही ती नव्हे. म्हातारा जन्मभर जे एक वाक्य बोलला ते अक्षरशः खरं होतं.

माझी मान शरमेने खाली गेली, पण फार वेळ नाही. माझ्या स्वभावात ते नाही. चूक माझी होती आणि ती दुरुस्त करणं माझ्या हातात होतं. शिवाय बातमी किती चांगली. दुसऱ्या दिवशी मी किटली तिच्याच धडप्यात गुंडाळून गाडीत बसले. वाटेत नसरापूरला पेढेही घेतले. एवढी मी खुशीत होते.

वाडीत किटलीचं घर विचारायला माझी जीभ धजेना, म्हणून शेळ्यांवरून विचारलं. म्हातारी अंगणात घोंगडीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. भाचा रानात गेला होता. माझ्या हातातलं गाठोडं बघून तिने सोलायचं थांबवलं. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की मावशी, मी चुकले, ही लढाईच्या नंतरची आहे, जपानची आहे, तुमच्या वडिलांनी ही साहेबाची उचललेली नाही. साहेबाच्या किटलीचं काय झालं ते देव जाणे, पण ही ती नव्हे. मी किटली उलटी करून अक्षरं दाखवली. बुडाचा लेप कसा काढला तेही सांगितलं.

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा हसेल. ती शेंगेचं टरफल बोटांत फिरवत राहिली. पेढ्यांचा पुडा माझ्या हातात तसाच होता आणि तो कुठे ठेवावा ते मला कळेना.

"म्हंजी बा खरं बोलत हुता," ती शेवटी म्हणाली.

मी हो म्हटलं. पूर्ण खात्रीने हो म्हटलं.

मग तिने सांगितलं. बंगल्यावर बापाने कितीतरी वर्षं दुसऱ्याला चहा ओतला. बाजारात ही किटली दिसली तेव्हा त्याच्या मनात आलं, एकदा तरी स्वतःच्या हाताने स्वतःला ओतावा. एवढ्या हौसेसाठी त्याने ती घेतली. पण गाव बोलायला लागलं आणि त्याने तिच्यातून एकदाही चहा प्यायला नाही. ती तशीच फळीवर राहिली. शेवटच्या दुखण्यात, अन्न बंद झालेलं होतं तेव्हा, त्याने लेकीला जवळ बोलावलं आणि त्या किटलीतून घोटभर चहा मागितला.

"आन म्या काय म्हणलं ठावं हाय?" तिने माझ्याकडे बघितलं. "म्या म्हणलं, चोरीच्या किटलीतला च्या पाजू व्हय तुला? त्येनं भिताडाकडं त्वांड केलं."

दोन दिवसांनी तो गेला. दिवस झाल्यावर तिने किटली फळीवरून उतरवली आणि करडांना लावली.

भोरला माझ्या ओट्यावर तिने बरं झालं का म्हटलं होतं ते मला तेव्हा समजलं. बाप चोर असता तर तिचं बोलणं कडू असलं तरी खरं ठरत होतं. माझ्या चुकीने तिला एक आठवडा झोप दिली होती, आणि माझ्या बरोबर उत्तराने मी ती काढून घेतली होती. पेढे घेऊन.

तरीही मी खोटं बोलले नसते. तिलाही ते नको होतं, नाहीतर ऐंशी उलटल्यावर गाड्या बदलत ती भोरला आलीच नसती. पण गप्प राहणं मला जमत नाही, काहीतरी करायला लागतं. म्हणून मी म्हटलं, मावशी, आपण हे गावात सांगू. देवळापाशी चार माणसं बोलवा. मी किटली हातात घेऊन सगळ्यांना समजावून सांगते. वडिलांच्या नावावरचा डाग निघू दे.

तिने मान हलवली. मग घोंगडीवरच्या शेंगा हाताने एका बाजूला सारल्या आणि तिथे मला बसायला जागा केली.

"कुणाला सांगता, बाई? त्याला चोर म्हणणारी समदी गेली. आता मी एकलीच ऱ्हायलीया. मलाच सांगा. पयल्यापासनं सांगा."

मी बसले. किटली उलटी करून तिच्या मांडीवर ठेवली आणि पहिल्यापासून सांगितलं. लढाई कधी संपली, जपान कसा हरला, तिथे परकं सैन्य कसं येऊन बसलं, भट्टीतल्या कुठल्याशा कामगाराने ओल्या मातीत हा ठसा कसा दाबला, आणि पेट्या भरून माल बोटीने इकडे कसा आला. मी नेहमीसारखी भराभर बोलले नाही. ती मध्येच थांबवून विचारत होती, आणि कळेपर्यंत पुढे जाऊ देत नव्हती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी एकेक अक्षर म्हणत गेले आणि ती त्या त्या अक्षरावर बोट ठेवत गेली. खाचांतली राख थोडी थोडी तिच्या बोटाला लागत होती.

शेवटचं अक्षर झालं. तिने बोट तिथेच ठेवलं.

"ऐकलं म्या, बा," ती म्हणाली.